सोमनाथचा पाळणा

सोमनाथ घरात बसला तेव्हापासून रत्नमालाच्या जिवाला घोर लागला होता. आजारी माणूस कसा असतो? कण्हतो, चहा गार झाला म्हणून कुरकुरतो, गोळी कडू लागते म्हणून तोंड वेडंवाकडं करतो. तसलं काही त्यानं केलं असतं तर रत्नमाला पदर खोचून आनंदानं भांडली असती. भांडणात तिला कुणी हरवल्याचं हर्सूलमध्ये तरी ऐकिवात नव्हतं. पण हा बाबा गप्प. ताट वाढलं तर जेवायचा, नाही वाढलं तर तसाच बसायचा. शेडमधल्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसून समोरच्या कंपाऊंडच्या भिंतीकडं बघत राहायचा. त्या भिंतीत काय ठेवलं होतं देव जाणे.

घरापुढचं ते पत्र्याचं शेड म्हणजे त्याचं गॅरेज. ना पाटी, ना नाव. हर्सूल जेलच्या मागच्या गल्ल्यांमध्ये कुणाची मोटारसायकल अडली की लोक म्हणायचे, सोमनाथकडं टाक. एवढीच त्याची जाहिरात. उन्हाळ्यात एका जड गाडीचं इंजिन तो एकट्यानं उचलायला गेला अन् कंबरेतून अशी कळ गेली की जागीच आडवा झाला. डॉक्टर म्हणाले, मणक्यातली गादी सरकलीय. ऑपरेशन नको, पण इथून पुढं वाकणं बंद, उकिडवं बसणं तर साफच बंद. आता मला सांगा, दुचाकीच्या मिस्त्रीनं उकिडवं बसायचं नाही, मग काय करायचं? गाडीचं पोट जमिनीपासून वीतभर वर. तिथं हात पोचवायचा तर मिस्त्रीला जमिनीशीच बसावं लागतं. सोमनाथचा सगळा जन्म तसा बसण्यात गेलेला. गिऱ्हाईकं चार दिवस चौकशी करून गेली, मग दुसरीकडं जायला लागली. त्यांचा तरी काय दोष?

रत्नमालाचा थोरला भाऊ बद्रीनाथ. त्याचं औरंगपुऱ्यात स्पेअर पार्टचं दुकान. माणूस मनानं मोठा, आवाजानं त्याहून मोठा. एक दिवस येऊन म्हणाला, “दाजी, दसऱ्यापासून आपल्या दुकानात काऊंटरला या. फिरती खुर्ची देतो, डोक्यावर पंखा देतो. गिऱ्हाईकानं मागितला तो पार्ट काढून द्यायचा, बास. तुमच्याइतकं त्यातलं कळणारा माणूस मला कुठं भेटायचा? घाई नाय. दसऱ्याला सोनं द्यायला येतो, तवा काय ते सांगा.”

भाऊ गेल्यावर रत्नमाला म्हणाली, “हो म्हणा की. वाईट काय हाय त्यात?”

“म्हणतो,” सोमनाथ म्हणाला. गोळी घेतो म्हणावं तसं म्हणाला.

काऊंटरचं काम काही हलकं नव्हतं. त्यावर घरं चालतात, लेकरं शिकतात. त्यांची श्रेया नांदेडला नर्सिंग करत होती, तिचंही भागलं असतं. पण हा माणूस तिथं जाऊन बसला की त्या भिंतीकडं बघायचा तसाच गिऱ्हाईकांकडं बघत बसणार, हे तिला लख्ख दिसत होतं. अन् पुन्हा गॅरेज उघडलं तर कंबर जायची ती कायमची जायची. तिला तिचा नवरा परत पाहिजे होता, अन् कंबरेसकट पाहिजे होता. हे मागणं देवाला सांगायला सोपं, करायला अवघड.

गणपती बसले त्या आठवड्यात एका दुपारी ती कपडे वाळत घालत होती. सोमनाथनं खुर्चीतूनच हाक मारली, “अगं, इकडं ये. हे बघ.”

त्यानं आपणहून हाक मारली म्हणून तिच्या हातातली चादर खाली पडली. मोबाइलवर कुठल्या तरी परमुलखातला एक गोरा माणूस होता. त्याच्या गॅरेजात एक लोखंडी टेबल होतं. मोटारसायकल त्या टेबलावर चढवली, पायानं काहीतरी दाबलं, अन् टेबल गाडीसकट कंबरेपर्यंत वर आलं. गोरा माणूस ताठ उभा राहून नट खोलायला लागला.

“गाडीच वर आली तर मी कशाला खाली जाऊ?” सोमनाथ म्हणाला. चेहऱ्यावर असं काहीतरी होतं की रत्नमालानं चादर तशीच मातीत राहू दिली.

“विकत भेटतं का?”

“भेटतं. पण मी करतो.”

“कंबर?”

“करायचं गोकुळनं. मी खुर्चीत बसून सांगतो.”

गोकुळ म्हणजे गल्लीच्या तोंडाशी लोखंडी गेट अन् खिडक्यांच्या जाळ्या करणारा. त्यानं ऐकलं, डोकं खाजवलं, अन् म्हणाला, होऊन जाईल. चितेगावच्या बाजूच्या एका भंगारवाल्याकडून लोखंडी अँगल आले, ट्रकचा जुना जॅक आला, जाड पत्र्याचा एक लांबडा तुकडा आला. रचना ऐकायला सोपी होती. खाली एक चौकट, वर एक चौकट, अन् दोन्हींच्या मधी चार तिरके पाय. जॅकनं रेटा दिला की तिरके पाय उभे राहायचे, अन् वरची चौकट पत्र्यासकट वर यायची. वर आल्यावर भोकातून एक लोखंडी खिट्टी घालायची, म्हणजे जॅकनं दगा दिला तरी टेबल खाली बसणार नाही. जॅकच्या दांड्याला सोमनाथनं लांब पाईप जोडून घेतला, उभ्यानं दाबता यावा म्हणून.

शेडमध्ये ठिणग्या उडायला लागल्या तशी गल्ली जमायला लागली. हर्सूलच्या गल्लीत कुणाच्या घरी वेल्डिंग चाललंय अन् लोकांनी बघायचं नाही, असं कुठं असतं? पहिल्यांदा ते टेबल रिकामं वर-खाली झालं तेव्हा कुणीतरी म्हणालं, “लेका, हा तर जत्रेतला पाळणा!” झालं, नाव पडलं ते पडलं. म्हाताऱ्या बायका रत्नमालाला विचारायला लागल्या, “काय गं, तुमच्याकडं पाळणा हलला म्हणं?” रत्नमालानं एकेकीला असं उत्तर दिलं की दुसरीनं विचारलं नाही.

आता तपासायचं कसं? सोमनाथचं घराणं शेतकऱ्याचं. त्यांच्याकडं बैलगाडीचा कणा बदलला की ज्वारीचे कट्टे, म्हणजे भरलेली पोती, टाकून बघायचे. घरात माळा घातला की कट्टे टाकून बघायचे. नवीन पलंग आला तरी आधी कट्टे झोपायचे, मग माणसं. कट्ट्यानं पास केलं की झालं, त्याच्यावर अपील नाही. गावाकडून भावानं वर्षाची ज्वारी पाठवलेली होतीच. गोकुळनं अन् रत्नमालानं मिळून कट्टे ओढत आणले, टेबलावर ओळीनं मांडले. सोमनाथनं उभ्यानं जॅक मारला. कट्टे वर गेले. खिट्टी घातली. रात्रभर तसेच ठेवले. सकाळी बघितलं तर टेबल बोटभरसुद्धा खाली आलं नव्हतं.

“पास!” सोमनाथ म्हणाला. उन्हाळ्यापासून पहिल्यांदा त्यानं त्या दिवशी दुसरी भाकरी मागून घेतली.

पहिली गाडी काकासाहेबांची. काकासाहेब शेजारच्या गल्लीतले. शेती पोरांच्या हवाली करून इथं येऊन राहिलेले. मोटारसायकल जुनी, पण जीव तिच्यात अडकलेला. रोज सकाळी उपरण्यानं तिची टाकी पुसायचे. त्यांची बायको सरूबाई म्हणायची, “मला एवढं पुसलं असतं तर मी बी चमकले असते.” गाडीचा क्लच सरकत होता. सोमनाथनं पाळणा केलाय असं कळल्यावर ते स्वतः गाडी ढकलत घेऊन आले. त्यांना एकच शंका होती. “पितरं चालू हायेत, सोमनाथ. पितरांत नवं काम काढू नये म्हणतात.”

“काम जुनंच हाय, काका. नवा नुसता पाळणा,” सोमनाथ हसून म्हणाला.

गाडी फळीवरून टेबलावर चढवली, डबल स्टँडवर उभी केली. सोमनाथनं जॅक मारायला सुरुवात केली. गुडघ्यापर्यंत आली, त्याच्या वर आली. रत्नमाला दारात उभी राहून बघत होती अन् मनातल्या मनात देवीला नारळ बोलत होती. तेवढ्यात टुम्म करून आवाज झाला. स्टँडचा एक पाय पत्र्यात रुतला, पत्रा खाली वाकला, अन् गाडी एका अंगाला झुकली. हात घालायचा नाही हे सोमनाथला कळत होतं. पण मिस्त्रीचा हात, तो कुणाला विचारतो? त्यानं झेप घातली. गाडी थांबली नाहीच, पडली ती पडलीच, अन् सोमनाथही कंबर धरून खाली बसला.

कुणाला लागलं नाही, एवढंच नशीब. गाडीचा दिवा फुटला, टाकीला भलामोठा पोचा आला. काकासाहेबांनी एक शब्द काढला नाही. उपरण्यानं पोच्यावरची धूळ पुसली अन् गाडी ढकलत घेऊन गेले. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. गल्लीनं मात्र कसर भरून काढली. पितरांत केलं, दुसरं काय व्हायचं, असं ज्यानं त्यानं म्हणून घेतलं.

घट बसले तरी सोमनाथ अंथरुणावरच होता. जमिनीवर चटई टाकून पडलेला, नजर आढ्याकडं. एका सकाळी म्हणाला, “बद्रीभाऊला फोन लाव. दसऱ्यापासून येतो म्हणून सांग.”

“ते येणारच हायेत दसऱ्याला. तवा तुमच्या तोंडानं सांगा,” रत्नमाला म्हणाली अन् तडक बाहेर आली. तिला त्याच्यापुढं रडायचं नव्हतं.

शेडमध्ये कट्टे तसेच एका कोपऱ्यात पडले होते. उंदीर लागतील म्हणून ते आत न्यायचे होते. ती एक कट्टा ओढायला लागली. राग होताच अंगात, त्या रागाच्या जोरावर ओढला. टेबल वाटेत. वळसा कोण घालतो? जमिनीलगत बसलेल्या त्या टेबलावरूनच कट्टा ओढून नेऊ म्हणून ती वर चढली. तिची टाच पत्र्यावर पडली अन् टुम्म झालं.

ती थबकली. पुन्हा टाच दाबली. टुम्म. कट्टा त्याच जागी ओढून ठेवला. पत्रा गप्प. कट्टा बाजूला सारून टाच ठेवली. टुम्म.

ती चपला न घालता आत धावली. “आवं, ऐकता का? तो पत्रा वाजायलाय.”

“वाजू दे.”

“वाजू दे काय वाजू दे! मधी टाच ठेवली की वाजतो. कट्टा ठेवला की वाजत नाय. गाडी पडली तवा असाच वाजला होता, मी कानानं ऐकलंय.”

सोमनाथ डॉक्टरांनी शिकवल्याप्रमाणे कुशीवर वळून, हाताचा टेकू घेऊन उठून बसला. “आयला,” तो म्हणाला. “कट्टा पसरतो गं. गाडी कुठं पसरती? ती स्टँडच्या दोन टाचांवर उभी राहती, अन् त्या टाचा पडतात तिथं मी खाली काहीच दिलेलं नाय. नुसता पत्रा!”

“म्हणजे पितरांचा दोष नाय?”

“त्यांचा कशाला? अक्कल माझी गहाण पडली होती. आजा बैलगाडीत कट्टे टाकून बघायचा, कारण गाडीत कट्टेच जायचे. माझ्या पाळण्यात काय कट्टे जाणार हायेत का?” अन् तो हसायलाच लागला. हसता हसता कंबर दुखली म्हणून थांबला, पुन्हा हसला. रत्नमालाला हसावं की रडावं कळेना, म्हणून तिनं दोन्ही केलं.

उपाय त्याच्या डोळ्यापुढं तयार होता. पत्र्याखाली जवळजवळ आडवे अँगल द्यायचे, स्टँडच्या टाचांखाली तर जोडीनं. पण अँगल आणायचे कुठून? भंगारवाल्याकडं जायचं तर कंबर परवानगी देत नव्हती, अन् सणासुदीचं ते दुकान उघडं असेल याचीही खात्री नव्हती. रत्नमालानं भिंतीला उभा करून ठेवलेल्या लोखंडी पलंगाकडं बोट केलं. तो तिच्या वडिलांनी आंदणात दिलेला. जुन्या काळचा, जाड अँगलचा.

“तो नाय कापायचा,” सोमनाथ म्हणाला. “तुझ्या बापानं दिलेला हाय.”

“बापानं झोपायला दिला होता. तुम्ही झोपताय खाली, तो उभा हाय भिंतीला. तुम्हाला उभं करायला कामी आला तर बाप वर बसून शिव्या देईल का मला?”

सोमनाथ तिचा हात धरून नुसता बसून राहिला. मग तिनंच हात सोडवून घेतला अन् गोकुळला बोलवायला गेली.

गोकुळनं पलंग कापला, आडवे अँगल जोडले, पत्रा वरून पुन्हा घट्ट बसवला. खंडेनवमीला शेडमध्ये पाने, पक्कड, हातोड्या धुऊन पाटावर मांडल्या. रत्नमालानं सगळ्यांना हळदकुंकू वाहिलं, झेंडूची फुलं वाहिली, अन् एक माळ पाळण्यालाही घातली. त्या दिवशी अवजारांना विश्रांती असते, हात लावायचा नसतो. सोमनाथला ते बरंच वाटलेलं तिनं बघितलं. दुसऱ्या दिवशी दसरा उजाडला, पूजा उचलली, तरी तो पाळण्याजवळ जाईना. लांबूनच फडक्यानं पाने पुसत बसला.

“लावा ना एखादी गाडी,” ती म्हणाली.

“कुणाची लावू?” तो म्हणाला. मग हळू आवाजात म्हणाला, “रत्ना, माझा हात धजत नाय. पुन्हा पडली तर मला तोंड दाखवायला जागा राहायची नाय. जाऊ दे. बद्रीभाऊ संध्याकाळी यायलेत, त्यांच्याबरोबर जातो.”

पाळणा नीट झाला होता. माणूसच अजून पडलेला होता. त्याला उभा करायचा तर एक गाडी वर जायला पाहिजे होती, ती आज, बद्रीनाथ यायच्या आत.

रत्नमालाचा स्वभाव असा की चूक तिची असली तरी माफी समोरच्यानं मागायची. तीच रत्नमाला डोक्यावर पदर घेऊन काकासाहेबांच्या दारात जाऊन उभी राहिली. “काका, आमच्या हातून तुमची गाडी पडली. टाकीचा पोचा आम्ही काढून देऊ. पण एक डाव गाडी पाठवा. पाळणा आता पक्का झालाय.”

काकासाहेब गाडीला झेंडूची माळ बांधत होते. त्यांनी वरही बघितलं नाही. “तू घरची लेक हायेस, तुला वाईट बोलत नाय. पण गाडी देणार नाय.”

ती मागं वळली. डोळे भरून आले होते, रस्ता नीट दिसत नव्हता. एवढ्यात मागून आवाज आला, “थांब गं रत्ना!” सरूबाई नवं इरकली लुगडं नेसून, पदर सावरत ओट्यावरून उतरत होती. सरूबाई म्हणजे चांगली दणकट बाई. ती चालायला लागली की वाटेतली माणसं आपोआप बाजूला व्हायची. “गाडी नाय देत तर राहू दे त्यांची. वजनच पाहिजे ना? मी येते.”

“मावशी?”

“मी अन् तू. दोघी मिळून गाडीएवढ्या होऊ का नाय?”

रत्नमालानं तिला वरपासून खालपर्यंत बघितलं. “होऊन उरू,” ती म्हणाली.

दोघी शेडमध्ये आल्या अन् सोमनाथला काही कळायच्या आत पाळण्यावर चढून उभ्या राहिल्या.

“डोकं फिरलं का तुमचं?” सोमनाथ ओरडला. “उतरा खाली! पडलात तर?”

“पडू,” सरूबाई म्हणाली. “गाडीचा पोचा दिसतो तरी. माझा कुणाला दिसणार हाय?”

“मावशी, ही थट्टा नाय.”

“थट्टा कोण करतंय?” रत्नमाला म्हणाली. “स्टँडच्या टाचा कुठं पडतात ते दाखवा. तिथंच उभ्या राहतो आम्ही. तुमच्या कामावर माझा भरवसा हाय. तुमचा नसला तर नसू दे.”

सोमनाथ आत गेला, खडू घेऊन आला. वाकता येत नव्हतं म्हणून खडू काठीला बांधून त्यानं उभ्यानंच पत्र्यावर दोन गोल काढले. “टाचा तिथं. टाचांवरच वजन. अन् एकमेकींना धरून राहा.”

त्यानं जॅकचा पाईप हातात घेतला. रत्नमालानं सरूबाईच्या कंबरेला मिठी मारली.

पाईप खाली गेला. पाळणा हलला. वीतभर वर आल्यावर सोमनाथ थांबला, खिट्टी घातली, चारही पाय डोळ्यांनी तपासले. “दाबा टाचा,” म्हणाला. दोघींनी दाबल्या. पत्रा गप्प. खिट्टी काढली, पुन्हा जॅक मारला. गुडघ्यापर्यंत. पुन्हा खिट्टी. “दाबा.” पत्रा गप्प. सरूबाई डोळे मिटून देवीचं नाव घेत होती. रत्नमालाला मिटायचे नव्हते. तिला त्याचं तोंड बघायचं होतं. पाईपबरोबर ते वर-खाली होत होतं, अन् दर वेळी वर येताना त्यावरची भीती थोडी कमी झालेली असायची. गाडी पडली होती ती उंची आली. तिथं तो क्षणभर अडला, दात आवळले, अन् पाईप दाबला. ती उंची गेली. पाळणा कंबरेपर्यंत आला. शेवटची खिट्टी खट्ट करून बसली.

“नाचा आता,” सोमनाथ म्हणाला.

सरूबाईनं डोळे उघडले अन् खरंच टाचा आपटल्या. पत्र्याखालून हूं की चूं आलं नाही.

उंचावरून रत्नमालाला कंपाऊंडच्या भिंतीपलीकडची सगळी गल्ली दिसत होती. अन् गल्लीला त्या दोघी. देवीच्या जत्रेला निघालेली माणसं पोराबाळांसकट थांबली होती. भिंतीच्या वर दोन बायका तरंगतायत म्हटल्यावर देवी थोडा वेळ थांबू शकत होती. गर्दीतून काकासाहेब धावत आले. “अगं ए! उतर खाली! ह्या वयात काय चालवलंस?”

“गाडी दिली का तुम्ही?” सरूबाई वरूनच म्हणाली. “नाय ना? मग मला यावं लागलं. गाडीला काही व्हायला नको, बायकोचं काय, दुसरी भेटंल!”

गल्लीत हशा पिकला. काकासाहेबांनी पाळण्याचे पाय बघितले, खिट्टी बघितली, अन् आल्या पावली परत फिरले. गेले रागावून, रत्नमालाच्या मनात आलं. तेवढ्यात गल्लीच्या वळणावर मोटारसायकलचा आवाज आला. बद्रीनाथ. खिशातून आपट्याची पानं डोकावत होती. तो गेटशी येऊन थांबला अन् भिंतीच्या वर दिसणाऱ्या बहिणीकडं आ वासून बघत राहिला. मग शेडमध्ये वाकून बघत त्याच्या त्या मोठ्या आवाजात म्हणाला, “दाजी! हे काय लावलंय? अन् आपलं काय ठरलं?”

सगळ्यांनी रत्नमालाकडं बघितलं. उत्तर तीच देणार, हे गल्लीनं गृहीतच धरलं होतं. तिच्या जिभेवर आलंही होतं. तिनं ते गिळलं. हे उत्तर तिचं नव्हतं. ती वर उभी राहून नवऱ्याच्या डोक्याकडं बघत राहिली.

सोमनाथनं हात फडक्याला पुसले. ताठ चालत गेटपर्यंत गेला. “भाऊ, गाडी बंद करू नका,” तो म्हणाला. मान कलती करून त्यानं ऐकलं. एक्सिलेटर थोडा पिळून सोडला, पुन्हा ऐकलं. “इंजिनातली टायमिंग चेन ढिली पडलीय. अन् आतलं दातेरी चक्र खाल्लंय तिनं. एवढं पार्टाचं दुकान असून गाडी अशी वापरता व्हय? सोडून जा इथं. बसून करायची कामं मला आता जमायची नायत भाऊ, उभ्यानं करायची हायेत लई.”

बद्रीनाथला कळायला जरा वेळ लागला. मग त्यानं खिशातली पानं काढली, सोमनाथच्या काळ्या तळहातावर ठेवली, अन् त्याला उभ्या उभ्याच मिठी मारली.

“ए, सरका!” मागून आवाज आला. काकासाहेब टाकीला पोचा पडलेली, झेंडूची माळ घातलेली गाडी ढकलत गर्दीतून येत होते. “नंबर मपला पहिला हाय. पडली मपली, मग चढणार बी मपलीच!”

“काकांचा पहिला,” सोमनाथ म्हणाला. “भाऊ, तुम्ही मागं लावा.”

वर रत्नमालाच्या गालावरून पाणी वाहत होतं अन् ती हसतही होती. पुसायला हात मोकळा नव्हता, सरूबाईनं तो घट्ट धरून ठेवला होता. “आवं,” तिनं वरून हाक मारली, “आम्हाला उतरवा की आधी!”

“थांब गं जरा,” काकासाहेबांच्या गाडीचा क्लच दाबून बघत सोमनाथ खेकसला. “दिसत नाय का, काम चालू हाय?”

आणि आख्ख्या गल्लीदेखत रत्नमाला मुकाट्यानं थांबली.